चषकाला तुझं नाव देणार नाही

आक्का,

तुझ्या पुण्यानुमोदनाला गोल्फच्या मैदानावरची माणसं आली होती. पांढरे कपडे घालून, चपला बाहेर नीट ओळीत काढून सतरंजीवर मागच्या बाजूला बसली. सगळ्यांत पुढं त्यांचे अध्यक्ष, दिगंबरराव. भन्तेजींनी त्रिसरण दिलं, मग पंचशील सुरू झालं. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील आलं तेव्हा माझी नजर आपोआप त्यांच्याकडं गेली. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. शब्द येत नसतील, पण हलत होते. मला हसू फुटायच्या बेतात आलं. तुझ्या फोटोसमोर ते बरं दिसलं नसतं म्हणून पदर तोंडाला लावला. बायांना वाटलं, मी रडून राहिले.

जेवणं झाल्यावर दिगंबरराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, मॅडमच्या नावानं आपण काहीतरी करू. आमच्या दरवर्षीच्या स्पर्धेत खिलाडूवृत्तीचा एक चषक ठेवू. मेजर निर्मला स्मृती चषक. चांदीचा करू. वर्षभरात ज्याचं वागणं सगळ्यांत सभ्य, त्याला द्यायचा. मॅडमनी कसा स्वतःचा दंड स्वतः सांगितला होता! अख्ख्या मैदानानं पाहिलं. असा माणूस पुन्हा व्हायचा नाही."

मी विचारलं, "आणि त्याच दिवशी शेवटच्या होलला काय झालं, ते चषकावर कोरणार का?"

"जुन्या गोष्टी आहेत ताई. गेलेल्या माणसाच्या माघारी कशाला..."

"मग नाव मिळणार न्हाई," मी म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. ताटं उचलणाऱ्या बायासुद्धा थांबल्या. निलंग्याच्या मामींनी माझा दंड धरला, "अगं सुनंदे, दुःखाच्या दिवशी असं बोलत्यात का?" बोलायचं, मामी. दुःखाच्या दिवशीच बोलायचं. नंतर माणसं विसरतात, आणि विसरणं सोपं जावं म्हणून चांदीचा चषक करून ठेवतात.

मला राग चषकाचा नाही आला, आक्का. राग आला तो त्यांनी तुला मऊ करून टाकलं याचा. चार दिवसांत तू शांत, सोज्वळ, मितभाषी होऊन गेलीस. मितभाषी! तू घरात असलीस की कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या नाहीत. फोनवर भाजीवाल्याशी बोललीस तरी वरच्या मजल्यावरचे विचारायचे, काय झालं म्हणून. लष्करी दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य गेलं तुझं, कण्हणाऱ्या जवानांच्या खाटांमधून आवाज पोचवायचा म्हणून घसा तयार झालेला. तो आवाज मी विसरणार नाही, आणि कोणाला विसरू देणार नाही.

महूला तुझी बदली झाली तेव्हा आई दोन कारणांनी रडली होती. एक म्हणजे पोरगी अजून लांब चालली, आणि दुसरं म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मगावी चालली. तू तिथून घरी आलीस ती मात्र एक लांबडी काठी घेऊन. निलंग्याच्या आपल्या अंगणात उभी राहून हवेत फिरवून दाखवलीस. बाबांनी विचारलं, "हे काय हाय?" तू म्हणालीस, "खेळ हाय बाबा. ऑफिसर लोकांचा." बाबा एसटीच्या डेपोत टायर बदलायचे. त्यांनी काठी हातात घेतली, वजन पाहिलं आणि म्हणाले, "ह्यात पंच कोण असतो?" तू म्हणालीस, "कोणीच न्हाई. आपले टोले आपण मोजायचे. चुकलं तर आपणच सांगायचं." बाबांनी काठी पुन्हा तुझ्या हातात दिली. मग म्हणाले, "मग अवघड हाय." बस्, तेवढंच म्हणाले. त्या एका वाक्यावर तू पुढं किती वर्षं खेळलीस.

निवृत्त होऊन तू लातूरला घर घेतलंस आणि मी नांदेडच्या शाळेतली नोकरी संपवून तुझ्याकडं राहायला आले. शहराबाहेरच्या माळावर काही डॉक्टर, व्यापारी, बागायतदार मंडळींनी मिळून सहा होलचं मैदान केलं होतं. आपल्याकडं माणसाला प्यायला पाणी नाही, गवताला कुठलं? होलच्या भोवती हिरवळीच्या जागी तेल मिसळून दाबलेली वाळू. तू पहिल्या दिवशी ती वाळू बुटाच्या टाचेनं दाबून पाहिलीस आणि म्हणालीस, "बॉलला काय कळतंय खाली गवत हाय का वाळू हाय."

मला तूच ओढलंस. साठीच्या उंबऱ्यावरची मराठीची मास्तरीण, गुडघे दुखणारी, साडीवर बूट घालायला लाजणारी. तू मला आधी टोला शिकवलाच नाहीस. महिनाभर नुसती रीत शिकवलीस. समोरचा मारायला उभा राहिला की श्वाससुद्धा जपून घ्यायचा. आपली सावली त्याच्या बॉलवर पडू द्यायची नाही. होल आणि त्याचा बॉल यांच्या मधल्या रेषेवर पाय ठेवायचा नाही. वाळूच्या खड्ड्यात उतरलो तर आपल्या पावलांचे ठसे दाताळ्यानं पुसून यायचं, मागून येणाऱ्याचा बॉल त्यात अडकू नये म्हणून. आणि त्या खड्ड्यात टोल्याआधी काठी वाळूला टेकवायची नाही; टेकली तर होल समोरच्याचा. मी म्हणाले, "आक्का, खेळ कधी सुरू व्हायचा?" तू म्हणालीस, "हाच खेळ हाय. बाकी नुसतं काठी फिरवणं."

पण तू काही साधी नव्हतीस. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. समोरचा फार भरात आला की तुझ्या बुटाची नाडी सुटायची, आणि ती बांधायला तुला इतका वेळ लागायचा की त्याचा भर ओसरून जायचा. कधी पिशवीतून लांबच्या टोल्याची काठी अर्धी वर काढून ठेवायचीस. समोरचा ती बघून आपली काठी बदलायचा, मारायचा, त्याचा बॉल पार पलीकडं जायचा. मग तू गुमान दुसरीच काठी काढायचीस. मी घरी येऊन भांडायचे.

"ही फसवणूक न्हाई का?"

"न्हाई. नियमात बसतं. त्याचं डोकं त्यानं सांभाळावं."

"न सुटलेली नाडी बांधणं म्हणजे खोटंच की!"

"सुने, मनाशी खेळलं तर चालतं. मोजणीशी खेळलं तर चालत न्हाई. बॉलला हात लावला, टोला लपवला, तर मग खेळ उरला कुठं?"

मला हे कधी पटलं नाही. आजही पटलेलं नाही. खोटं ते खोटं, तोंडानं बोला नाहीतर नाडीनं. तू हसायचीस, चहाचा कप पुढं सरकवायचीस आणि म्हणायचीस, "तू पेपर तपासणाऱ्यातली. तुला अर्धा मार्क द्यायला येत न्हाई." हा वाद अर्धाच राहिला, आक्का. मी अजून माझ्या बाजूला उभी आहे.

दिगंबरराव तुझ्यापेक्षा पुढचे होते यात. खताची मोठी एजन्सी, बाजारात वजन, तोंडावर कायम हसू. माणूस म्हणून वाईट म्हणता येत नाही; मैदानाला टँकर लागला की त्यांचाच यायचा. पण खेळायला लागले की त्यांच्या खिशातल्या किल्ल्या तू काठी वर उचलताच वाजायच्या. कधी काळजीनं विचारायचे, "मॅडम, आज कंबर कशी आहे? टोला जरा उजवीकडं जाऊन राहिला का?" एवढं ऐकलं की माणूस पुढचे चार टोले आपल्या कमरेचा विचार करत बसतो. आणि त्यांची खास गोष्ट म्हणजे होलजवळचा हलका टोला समोरच्याला न मारताच माफ करून टाकणं. बॉल होलच्या तोंडाशी आला की म्हणायचे, "राहू द्या मॅडम, दिला. उचला." पहिल्या होलला दिला, दुसऱ्याला दिला, तिसऱ्याला दिला. हाताला सवयच लागायची नाही. आणि नेमका महत्त्वाचा आला की हाताची घडी घालून आभाळाकडं बघत उभे राहायचे. मी चिडायचे. तू म्हणायचीस, "देऊ दे न्हाईतर न देऊ दे, तो त्याचा हक्क हाय. मी माझ्या हाताची सवय कशाला मोडू?"

मग दरवर्षीच्या स्पर्धेचा तो अंतिम सामना आला; एकेका होलला ज्याचे टोले कमी, तो होल त्याचा. तू आणि दिगंबरराव. मोजणीला तुमच्याबरोबर हमीदभाई, घड्याळवाले. त्यांच्या वाडवडिलांपासून लातुरात घड्याळं दुरुस्त करायचा धंदा. मऊ बोलणारे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्या दुकानाचा गाळा दिगंबररावांच्या कॉम्प्लेक्समधला होता. मी मागं मागं चालत होते, तुझी पाण्याची बाटली धरून.

सुरुवातीला रीतीप्रमाणे दोघांनी एकमेकांना बॉल दाखवले. दिगंबररावांचा नवा कोरा, तीन नंबरचा, त्यावर त्यांनी पेनानं हिरवा ठिपका दिलेला. "नव्या बॉलनं जिंकायचं म्हणतो," असं म्हणाले. सगळे हसले.

शेवटून दुसऱ्या होलला तू एका होलनं पुढं होतीस. तुझा बॉल वाळक्या गवतात जाऊन बसला होता. तू वाकून बॉलजवळची एक काडी उचललीस. कोणी तुझ्याकडं बघत नव्हतं. मीही नाही, मी घाम पुसत होते. तू सरळ उभी राहिलीस आणि हात वर केलास.

"काडी उचलताना बॉल हलला. एक टोला दंड, माझ्याकडून."

हमीदभाई म्हणाले, "मॅडम, मैंने तो देखा नहीं."

"मी पाहिला."

तो होल तू हरलीस. दोघं बरोबरीत आलात. आणि टाळ्या वाजल्या! "वा मॅडम," "याला म्हणतात खेळाडू," असं सगळे म्हणाले. दिगंबररावांनी तर तुझ्याशी हात मिळवला. आज चषकावर त्यांना कोरायचा आहे तो हाच एवढा क्षण.

शेवटच्या होलला दिगंबररावांचा पहिलाच टोला डावीकडं गेला, वेड्या बाभळींच्या गचपणात. आपण सगळे शोधायला गेलो. शोधायला मदत करणं हीही रीतच. तू बाभळींत शिरलीस. ते बाहेरच्या कडेनं चालत होते. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला, "सापडला! सापडला! बघा, नशीब कसं, बाहेरच उडून आलाय." मोकळ्या जागी, सपाट मातीवर, छान बसलेला बॉल. ते काठी घेऊन उभेही राहिले.

तेवढ्यात तुझा आवाज आला. तो खाटांमधून पोचणारा.

"थांबा दिगंबरराव. तुमचा बॉल हितं हाय."

तू काट्यांत उभी होतीस, बाहीला ओरखडे. पायाशी बॉल होता. तू त्याला हात लावला नव्हतास; दुसऱ्याच्या बॉलला हात लावायचा नसतो. नुसतं बोट दाखवलंस. "तीन नंबर. हिरवा ठिपका."

ते हसले. "माझे हरवलेले लई बॉल पडलेले असतात मॅडम त्या झाडीत. जुना असेल कुठला तरी."

"नवा कोरा हाय. बरं, तुमच्या पायाशी आहे त्याचा नंबर वाचून दाखवा."

दिगंबररावांनी वाकून तो पायाशी असलेला बॉल उचलला आणि सरळ खिशात टाकला. "तुम्ही मूडच घालवला," म्हणाले.

तू हमीदभाईंकडं वळलीस. "हमीदभाई, मोजणी तुमच्याकडं हाय. हितं या. नंबर वाचा."

ते आले. काट्यांत वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग उठून म्हणाले, "मॅडम, चष्मा नाही आणला."

तिळाएवढे स्क्रू बोटाच्या टोकानं ओळखणारा माणूस.

मी म्हणाले, मी पाहिला, तीन नंबर आहे. कोणीतरी म्हणालं, "तुम्ही बहीण. तुमचं कसं धरायचं?"

नंतर पत्र्याच्या शेडात सगळे जमले. ठरलं असं की दोघांनाही विजेते म्हणायचं, संयुक्त. आणि तू दिलगिरी व्यक्त करायची. चारचौघांत एका ज्येष्ठ माणसावर असं बोट रोखणं खेळाच्या सभ्यतेला धरून नाही, असं म्हणाले. तू उभीच होतीस. खुर्ची दिली होती, बसली नव्हतीस.

"एक सांगा," तू म्हणालीस. "मी माझा दंड माझ्या तोंडानं सांगितला तेव्हा टाळ्या वाजवल्या. ह्यांचा दंड सांगितला तर माझी रीत चुकली?"

एकजण रजिस्टरची पानं चाळायला लागला.

"संयुक्त बिंयुक्त मला नको. खरा बॉल खेळून मी हरले असते तर पहिला हात मी मिळवला असता. दिलगिरीचं म्हणाल तर, चुकलं कोण?"

आपण दोघी बाहेर निघालो. मागून कोणाचा तरी आवाज आला, "फौजेत मेजर झाली म्हणून काय झालं, शेवटी..." वाक्य तिथंच सोडलेलं. पूर्ण करायची गरज नव्हती. आपल्याला जन्मापासून ते पाठ आहे. मी तुझा हात ओढला, चल म्हणाले. तू हात सोडवून घेतलास, परत आत गेलीस आणि दारात उभी राहिलीस.

"वाक्य पूर्ण करा," तू म्हणालीस. "मी वाट बघून राहिले."

पंखा फिरत होता.  तू पुरेसा वेळ थांबलीस, प्रत्येकाकडं एकदा बघितलंस, आणि मग आलीस. आक्का, त्या वेळी मला तुझा अभिमान वगैरे काही वाटला नाही. मला भीती वाटली.  अभिमान नंतर आला, रिक्षात बसल्यावर, आणि तोही तुला बोलून दाखवला नाही. आपल्यात असं बोलायची पद्धतच नव्हती. तू डॉक्टरांना रागवायचीस, मी पोरांना रागवायचे, एकमेकींना भाजी वाढायचो.

मला वाटलं होतं, आता हे मैदान सुटलं. पुढच्या रविवारी सकाळी तू बूट घालून दारात उभी. मी म्हणाले, "कशाला जायचं त्यांच्यात? आपल्या निलंग्याच्या रानात दोन खड्डे खणू. तिथं खेळू."

"खड्डे खणून पळायचं?" तू म्हणालीस. "वर्गणी भरलेली हाय. चूक केलेली न्हाई. मी घरात कशाला बसू?"

आणि आपण गेलो. त्या रविवारी गेलो, त्यानंतरच्याही. तुझ्याबरोबर खेळायला कोणी यायचं नाही. आपण पहिल्या होलला उभ्या राहिलो की बाकीच्यांना एकदम फोन यायचे, पाणी प्यायचं असायचं. तू सगळ्यांना नमस्कार करायचीस, दिगंबररावांनासुद्धा. समोरचा मारायला उभा असला की लांबूनच थांबायचीस, श्वास धरून. त्यांनी वाळूत ठेवलेले बुटांचे ठसे तू पुसायचीस. याच्यावर मी तुझ्याशी सगळ्यांत जास्त भांडले. त्यांची घाण आपण का काढायची? तू म्हणालीस, "त्यांच्यासाठी न्हाई काढत. मैदान माझंबी हाय." दोन म्हाताऱ्या बाया, एक काठी फिरवणारी आणि एक तिच्यामागून कुरकुरत चालणारी. वर्षानुवर्षं. त्यांना वाटत होतं, थकून जातील. थकली ती त्यांची फोन यायची युक्ती. हळूहळू काही जण लाजून नमस्कार करायला लागले. पण बरोबर कोणी खेळलं नाही, शेवटपर्यंत.

आजार आला तेव्हा रिपोर्ट तू स्वतः वाचलास आणि मला म्हणालीस, "स्वादुपिंडाचा कॅन्सर. मला ठाऊक हाय हे कसं जातं. तू उगा नेटवर वाचत बसू नको." हैदराबादला न्यायचं ठरलं. दिगंबररावांना कुठून तरी कळलं. त्यांनी ड्रायव्हरसकट गाडी पाठवली. मोठी गाडी, मागं झोपता येईल अशी. मी म्हणाले, आक्का, बस. तू ड्रायव्हरला चहा दिलास, त्याच्या पोराबाळांची चौकशी केलीस आणि म्हणालीस, "साहेबांना सांग, त्या दिवशीचा नंबर तेवढा वाचून दाखवा म्हणावं. मग बसते." गाडी परत गेली. आपण भाड्याच्या गाडीनं गेलो, आणि उदगीरच्या पुढं रस्त्यातल्या खड्ड्यांनी तुझा जीव मेटाकुटीला आणला. मी शिव्या घातल्या तुला मनातल्या मनात. आता वाटतं, बरं केलंस. नाहीतर आज तेही त्यांनी चषकावर कोरलं असतं.

शेवटी शेवटी बाहेर जाणं बंद झालं तेव्हा तू हॉलमध्ये सतरंजी अंथरायला लावलीस आणि स्टीलचा पेला आडवा ठेवायला लावलास. खुर्चीत बसून, लहान काठीनं बॉल पेल्यात ढकलायचा. हात इतके बारीक झाले होते की बांगडी कोपरापर्यंत जायची. एक दिवस बॉल पेल्याच्या तोंडाशी येऊन थांबला. तू घामेजली होतीस. माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू दे आक्का, दिला."

तू माझ्याकडं असं पाहिलंस की मला शाळेतली चुकार पोरगी झाल्यासारखं वाटलं.

"कोणी मागितला? ठिव तिथंच."

मी ठेवला. तू मारलास. बॉल पेल्याच्या काठाला लागून बाजूला गेला.

"मोज," म्हणालीस.

मी मोजला.  तू मान हलवलीस, बरोबर आहे म्हणून, आणि आडवी झालीस. त्या दिवशी तुला बरं वाटत होतं, असं मी सगळ्यांना सांगते. खोटं नाही सांगत.

परवाच्या रविवारी मी मैदानावर गेले, आक्का. तुझी पिशवी खांद्यावर, तुझेच बूट, पुढं कापूस कोंबून. पहिल्या होलपाशी दिगंबरराव आणि त्यांची मंडळी उभी होती.  चषकाचं पुन्हा कोणी काढलं नाही. शेडात विजेत्यांच्या नावांचा फळा अजून तसाच आहे, त्या वर्षासमोर दोन नावं. मी दिगंबररावांना सांगितलं होतं, ते दुरुस्त करा, मग चषकाचं बोलू. ते म्हणाले होते, कमिटीत ठेवतो.

हमीदभाई बाजूला उभे होते. पुढं आले. 

"दिगंबररावजी," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "त्या दिवशी चष्मा माझ्या खिशात होता. काट्यात तीन नंबर होता. हिरवा ठिपका. मैंने पढ़ा था."

"हमीदभाई, आता काय उपयोग याचा?"

"उपयोग न्हाई साब. सांगून राहिलो फक्त. गाळा काढून घ्यायचा तर घ्या."

दिगंबरराव हसायला गेले, पण त्यांच्याबरोबरचं कोणी हसलं नाही. त्यांनी पहिला टोला मारला आणि ते चालू लागले. मग हमीदभाई माझ्याकडं वळले. मी त्यांना धन्यवाद दिले नाहीत. सरळ म्हणाले, "लई उशीर केला तुम्ही."

"हाव," ते म्हणाले. "आपा असत्या तर बरं झालं असतं." तुला पहिल्यांदाच आपा म्हणाले. मग जमिनीकडं बघत विचारलं, "जोडी हवी का?"

मी म्हणाले, "हवी. पण एक हाय. काही पाहिलं तर तिथल्या तिथं बोलायचं."

तिसऱ्या होलला माझा बॉल वाळूच्या खड्ड्यात पडला. मी उतरले, काठी धरली, तू शिकवलंस तसे पाय रोवले. टोला बरा बसला, बॉल बाहेर आला. मी वर बघितलं तर हमीदभाई खड्ड्याच्या काठावर हात वर करून उभे.

"सुनंदाबाई, मारायच्या आधी तुमची काठी वाळूला लागली. होल माझा."

मोठ्यानं म्हणाले. पुढच्या होलवरून सगळ्यांनी वळून पाहिलं. दिगंबररावांनीसुद्धा.

क्षणभर माझ्या डोक्यात जाळ झाला. माझी आक्का जाऊन किती दिवस झाले, तिच्याच काठीनं मी खेळून राहिले, आणि ज्याच्या तोंडातून तेव्हा शब्द निघाला नाही त्याला आज वाळूचा कण दिसतो? मी तोंड उघडलं होतं. मग खाली पाहिलं. वाळूत काठीची बारीक रेघ उमटली होती. माझीच.

"बरोबर हाय," मी म्हणाले. "होल तुमचा."

दाताळं घेतलं आणि आधी माझे ठसे पुसले. पुढं गेलेल्यांपैकी कोणाचे तरी तसेच होते. कुरकुरत कुरकुरत तेही पुसले.

त्या दिवशी आम्ही सहाही होल खेळलो. मी हरले, आणि घरी येऊन लई दिवसांनी पोटभर जेवले.